भुताच्या सिनेमातलं गाऱ्हाणं

पार्सल उघडलं तेव्हा आत माझे वडील होते. काळ्या डबीवर, उघड्या अंगाने, हातात नारळ, कपाळभर कुंकू, आणि वरच्या लाल अक्षरांतून त्यांच्या डोक्यावर रक्त ठिबकत होतं. वडिलांनी डबी चष्म्याजवळ नेली, मग लांब धरली, आणि म्हणाले, "दाढी करून गेलो आसतो तर बरा झाला आसता."

एवढंच बोलले. मग डबी माझ्या हातात देऊन त्यांनी विचारलं, की यात आवाज आहे का. मी म्हटलं, सिनेमा आहे, आवाज असणारच. ते म्हणाले, सिनेमाचा नव्हे, माझा.

हा सिनेमा मी लहान असताना आमच्या गावात तयार झाला. लांज्याच्या पुढे डोंगरात आत आमचं गाव. तिथे मुंबईहून दोन गाड्या भरून माणसं आली आणि त्यांनी आमच्या मळ्यातली बाव, म्हणजे विहीर, पसंत केली. गोष्ट अशी, की गावातल्या पुरुषांनी एका बाईला विहिरीत ढकललेलं असतं, आणि एक मांत्रिक तिला वर बोलावतो. ती वर येते आणि कोयता घेऊन एकेकाचा हिशेब करते. आमच्या गावातल्या बायकांना ही गोष्ट फारच आवडली होती. भुताचं काम करणारी बाई प्रत्यक्षात साडी सावरून आमच्या पडवीत बसायची आणि माझ्या आईकडून कुळथाच्या पिठल्याची कृती विचारायची.

घाटात कुठेतरी त्यांची लाल रंगाची बाटली फुटली. मग रक्तासाठी आमच्या घरातलं कोकमाचं आगळ गेलं, बरणीच्या बरणी. आई नंतर कित्येक वर्षं सोलकढी करताना त्या आगळाची आठवण काढत असे. परवाच्या डबीत एक चोपडी निघाली. तिच्यात कुणा विद्वानाने लिहिलं आहे, की या सिनेमातलं जांभळट रक्त ही दिग्दर्शकाची बंडखोरी आहे. आई असती तर तिने त्या विद्वानाला बरणी भरून द्यायला लावली असती.

मांत्रिकाचं काम करायला मुंबईहून एक धिप्पाड नट आला होता. हंगाम ओल्या काजूचा. त्याला कुणीतरी सांगितलं, की ओला काजूगर फार गोड लागतो. हे खरंच आहे, पण तो सोलायचा कसा ते सांगायचं राहून गेलं. त्याने झाडाची बी तोडली आणि सरळ दाताने फोडली. काजूच्या सालीतला चीक ओठांना लागला की काय होतं, ते आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही माहीत असतं. त्याचे ओठ सुजून गालांना भिडले. लांज्याच्या डॉक्टरांनी त्याला पाहून आधी पाठ फिरवून हसून घेतलं, मग इंजेक्शन दिलं.

आता मांत्रिक कुठून आणायचा? दिग्दर्शकाने विचारलं, गावात देवाशी बोलणारं कुणी आहे का. सगळ्यांनी माझ्या वडिलांकडे बोट दाखवलं, कारण गावच्या गाऱ्हाण्याचा मान आमच्या घराकडे होता. गाऱ्हाणं म्हणजे मंत्र नव्हे. देवासमोर नारळ ठेवून गावाच्या वतीने साध्या बोलीत सांगायचं, की बाबा, आमचं असं असं आहे, सांभाळ. एकाने सांगायचं, आणि प्रत्येक मागण्याला जमलेल्या पुरुषांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून रुकार द्यायचा. रुकार आला की ते मागणं सगळ्या गावाचं होतं. बायकांनी मागे उभं राहायचं आणि तोंड उघडायचं नाही.

वडील एका दिवसाचे मांत्रिक झाले. दिग्दर्शकाला आमची बोली कळत नव्हती, आणि त्याला ती कळायची गरजही वाटली नाही. तुम्ही नेहमी म्हणता तसंच काहीतरी म्हणा, फक्त डोळे मोठे करा, एवढंच त्याने सांगितलं. वडिलांचं बोलणं विहिरीवर एकट्याचं घेतलं, फक्त मुंबईची माणसं भोवती असताना. गावाला दुसऱ्या दिवशी उभं केलं. एक माणूस टॉवेल हलवायचा आणि पुरुष 'व्हय म्हाराजा' म्हणून ओरडायचे. बायकांनाही ओरडायला सांगितलं होतं. एकीनेही तोंड उघडलं नाही. वडील विहिरीवर काय बोलले, ते मात्र गावातल्या कुणीच ऐकलं नाही. पुढचं सगळं यावरून झालं.

सिनेमा लागला तो लांबच्या कुठल्या शहरात, थोडे दिवस. मग फार रक्त आहे, लोकांची माथी भडकतील, अंधश्रद्धा वाढेल, अशा कारणांनी त्याच्यावर बंदी आली. ही बातमी गावात पोचली आणि त्याच शिमग्यात देवाच्या पालखीचा दांडा तडकला. दांडा जुना होता, वाळवी लागलेला होता, आदल्या वर्षीच सुताराने सांगितलं होतं. पण बंदी आणि दांडा एकाच महिन्यात आल्यावर सुताराचं कोण ऐकतो?

गाव बैठकीला बसलं. माझ्या वडिलांचे चुलतभाऊ, म्हणजे आमच्या समोरच्या घरातले काका, उभे राहिले आणि म्हणाले, की दादाने देवाचं गाऱ्हाणं भुताला घातलं. देव रागावला. वडिलांना विचारलं, तू विहिरीवर काय बोललास? वडील म्हणाले, बोलायचं ते बोललो. मग ते बोलून दाखव, असं गावाने सांगितलं. वडील म्हणाले, गाऱ्हाणं बोलून दाखवायचं नसतं.

ते खरं होतं आणि सगळ्यांना माहीत होतं. गाऱ्हाणं म्हटलं की देव ऐकायला येतो. त्याला कारण नसताना, नुसती साक्ष म्हणून, उठवायचा नाही. आणि देवाकडे मागितलेलं गावभर सांगत फिरलं, की ते आपणच परत घेतल्यासारखं होतं. म्हणजे वडिलांना आपली बाजू मांडायची तर नियम मोडावा लागणार, आणि नियम मोडला की काकांचंच म्हणणं खरं ठरणार. मी पुढे आयुष्यभर रत्नागिरीला कोर्टात टायपिंग केलं. आरोपीला इतकं पक्कं बांधून घातलेलं प्रकरण मी तिथेही पाहिलं नाही.

गाऱ्हाण्याचा मान समोरच्या घरात गेला. तेव्हापासून दर शिमग्याला काका गाऱ्हाणं घालतात आणि वडील शेवटच्या रांगेत उभे राहून 'व्हय म्हाराजा' म्हणतात. काकांचा आवाज मोठा आहे, पण त्यांना मागणी आठवत नाहीत. गुरांचं राहून जातं. मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांचं दोनदा येतं. मधे थांबले की वडिलांचे ओठ हलताना मी पाहिले आहेत, पण आवाज कधी आला नाही. घरी आल्यावर मी चिडायची. वडील म्हणायचे, त्याचा पण देव ऐकतो. मी एवढी मोठ्या मनाची नाही. अलीकडे काकांचे गुडघे गेले आणि ते देवळाच्या पायऱ्या बसून बसून चढू लागले, तेव्हा मला बरं वाटलं होतं. ते मी कुणाला सांगितलं नाही, एवढाच काय तो माझा चांगुलपणा.

इकडे सिनेमा मेला नव्हता. बंदी आली म्हणूनच तो जगला म्हणायचा. त्याच्या चोरट्या कॅसेटी फिरल्या, मग कॉम्प्युटरवर आला, आणि काळे टीशर्ट घालणारी शहरातली पोरं त्याची भक्त झाली. अशी पोरं अधूनमधून आमच्या गावात यायला लागली. विहिरीपाशी फोटो काढायची आणि वडिलांच्या पाया पडायची. वडील त्यांना सरबत द्यायचे. त्यांतल्या एकाच्या फोनवर आम्ही तो प्रसंग पहिल्यांदा पाहिला. वडील विहिरीवर उभे, ओठ हलताहेत, आणि वर नुसता ढोल आणि विजांचा कडकडाट. एक अक्षर ऐकू येत नव्हतं. वडिलांनी फोन परत दिला आणि ते गोठ्याकडे गेले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

म्हणून गेल्या वर्षी शेंडी बांधलेला एक तरुण आला आणि म्हणाला, की बंदी उठली आहे, आम्ही सिनेमा धुऊनपुसून नव्या डिस्कवर काढतोय, तेव्हा वडिलांनी त्याला एकच गोष्ट विचारली. तो म्हणाला, हो, मूळ आवाजाची रिळं सापडली आहेत, ढोल काढून टाकलाय. वडील उठून आत गेले आणि धुतलेला सदरा घालून आले. मग त्यांची मुलाखत झाली. तुमच्या अंगात खरंच काही आलं होतं का, असं त्या तरुणाने विचारलं. वडील म्हणाले, घाम आला व्हता, दिवे लय गरम.

डिस्क आली, पण ती लावायचं यंत्र आता कुणाकडे असतं? रत्नागिरीत माझ्या दातांच्या डॉक्टरांना जुन्या सिनेमांचा नाद आहे. त्यांनी यंत्र दिलं, पण त्याआधी, मला बोलता येऊ नये असा माझ्या तोंडात कापूस घालून स्वतःच त्या सिनेमाबद्दल भरपूर बोलून घेतलं. मला वाटलं होतं, घरी लावावं, वडिलांना ऐकवावं, संपलं. वडील नको म्हणाले. मान गावासमोर गेला होता, म्हणजे ऐकायचं तेही गावासमोर; आणि ते त्या दिवशीचंच बोलणं, नव्याने बोलून दाखवणं नव्हे. आणि खोटं कशाला बोलू, मला भीती वाटत होती. वडिलांनी विहिरीवर खरंच भुताला हाक मारली असेल तर? एवढ्या वर्षांत मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं. त्यांनी तशी हाक मारली असती, तर आता सगळ्या गावासमोर, या वयात, ते सिद्ध होणार होतं.

देवळात भुताचा सिनेमा लावता येईना. शेवटी शाळा ठरली, कारण तिथे मोठा पडदा आहे. रविवारची दुपार ठरली, कारण संध्याकाळी वाटेवर बिबट्या असतो. खिडक्यांना चादरी लावल्या, यंत्र शाळेच्या मास्तरांनी हाती घेतलं. काका आपली खुर्ची घेऊन आले आणि पहिल्या रांगेत बसले. वडील शेवटच्या बाकावर, पोरांच्या उंचीच्या, गुडघे छातीशी घेऊन. मी त्यांच्या शेजारी.

भयपट पाहून कुणी घाबरलं नाही. भूत पहिल्यांदा दिसलं तेव्हा एक म्हातारी म्हणाली, गो बाय, किती वाळलीय. मग गाव पडद्यावर आलं आणि वर्गातला आवाज बदलला. ज्यांना आम्ही पोचवून आलो होतो ती माणसं तिथे उभी होती, तरणीताठी, कॅमेऱ्याकडे बघायचं नाही असं सांगितलेलं असूनही कॅमेऱ्याकडे बघत. माझी आई होती. कडेवर माझा धाकटा भाऊ, पदर तोंडात धरलेला, तोंड घट्ट मिटलेलं. मला तिच्याकडे नीट बघायचं होतं, पण तेवढ्यात पडदा पुढे गेला. मला मास्तरांना थांबवा म्हणायचं सुचलं नाही, याचं अजून वाईट वाटतं.

मग विहीर आली. वडील उभे, काळ्या केसांचे, दाढीचे खुंट वाढलेले. पडद्याखाली इंग्रजी अक्षरं आली. मास्तरांनी पुटपुटत त्याचा अर्थ सांगितला: अगम्य मंत्रोच्चार. आणि वडिलांचा आवाज आला, स्वच्छ, विहिरीत घुमणारा.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या बावीवर तुजी लेकरा उबी हायत. मुंबयची पोरा पोटासाटी भुताचा ख्योळ करतायत. ख्योळ हाय तो ख्योळ म्हणून बघ म्हाराजा, खरा म्हणून धरू नुको."

"व्हय म्हाराजा," वर्गातले पुरुष म्हणाले.

कुणी ठरवून म्हणालं नाही. गाऱ्हाण्याचा थांबा आला की आमच्या पुरुषांच्या तोंडातून ते येतंच. बापाच्या खांद्यावर बसल्यापासूनची सवय. पडद्यावरचे वडील पुढे म्हणाले, त्यांच्या जिवाला, गाडीघोड्याला संबाळ. वर्ग म्हणाला, व्हय म्हाराजा. त्या नटाच्या तोंडाला आराम पडू दे. व्हय म्हाराजा. माझी भीती गेली होती आणि मला हसू येत होतं. भुताचं नावसुद्धा त्यांनी घेतलं नव्हतं.

"आणि ह्या ख्योळात काय चुकलामाकला आसंल," पडद्यावर वडिलांनी नारळ वर उचलला, "तर ता माज्या पदरात घाल म्हाराजा. गावाच्या पदरात घालू नुको."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. काकांचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

पडद्यावर विहिरीतलं पाणी उकळायला लागलं आणि भुताचा हात काठावर आला. मास्तरांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी बटण दाबून तिला तिथेच थांबवलं. प्रत्येकाला हळूहळू कळत होतं, की आपण आत्ता कशाला रुकार दिला. इतकी वर्षं जो दोष एका माणसाच्या पदरात होता, तो त्याने स्वतः मागून घेतला होता; आपल्याला तो लागू नये म्हणून. आणि आत्ता, हे ऐकल्यावरही, गावाने पुन्हा म्हटलं होतं, की हो, त्याच्याच पदरात घाल.

मी वडिलांना विचारलं, बाबा, हे तुम्ही सांगितलं का नाही? गाऱ्हाणं म्हणून नाही तर नाही, नुसतं मला, घरात. मला राग आला होता, आणि तो काकांवर नव्हता, वडिलांवर होता. आई गेली तीसुद्धा हे न कळता. वडील बाकावरून पडद्यावरच्या हाताकडे बघत होते.

"मागितला ता देवानं दिलान," ते म्हणाले. "मग रडायचा कशाला?"

काका खुर्चीतून उठले. उठताना त्यांनी फळ्याला धरलं. ते वडिलांकडे वळले नाहीत, मास्तरांकडे बघून म्हणाले, की नारळ आणा, देवळात जाऊया, आत्ताच. एकाने सुचवलं, की घाई कशाला, शिमग्याला बघू. काका म्हणाले, शिमग्यापर्यंत आम्हां दोघां भावांतला कोण असेल ते तुला ठाऊक असेल तर थांबतो.

सिनेमा तिथेच राहिला. सगळं गाव शाळेतून देवळाकडे निघालं. काका पायऱ्या बसून बसून चढले आणि या वेळी मला बरं वाटलं नाही. वाईटही वाटलं नाही. मी नुसती बघत होते. घातलेलं मागणं उठवायचं तर दुसरं गाऱ्हाणं घालावं लागतं, आणि ते ज्याच्या पदरात आहे त्याने घालून चालत नाही. म्हणजे काकांनाच घालावं लागणार होतं. वडील खांबाला टेकून उभे राहिले. नारळ ठेवला. काकांनी हात जोडले, सुरुवात केली, आणि नेहमीप्रमाणे अडकले. पण या वेळी ते विसरले नव्हते.

"दादाच्या पदरात घातलंस," ते शेवटी म्हणाले, "ता आता काढून घे म्हाराजा. आमाला कळला न्हाय."

आणि थांबले. रुकाराची जागा आली. कुणी बोलेना. इतका वेळ आपोआप येणारे शब्द आता एकाही पुरुषाच्या तोंडातून निघेनात. आधी न कळता काय म्हणून बसलो, याचीच सगळ्यांना धास्ती बसली होती. आता तोंड उघडायचं म्हणजे पुन्हा काही चुकलं तर? त्यांच्या माना खाली होत्या. काका हात जोडून तसेच उभे, त्यांचे गुडघे थरथरत होते. रुकार आला नाही तर मागणं पोचत नाही. ते काकांचं एकट्याचं बोलणं होऊन हवेत राहतं.

मी मागे बायकांत उभी होते. आयुष्यभर मी दुसऱ्यांनी सांगितलेलं टाइप केलं, माझं मत कुणी विचारलं नाही. तिथेही कुणी विचारलेलं नव्हतं.

"व्हय म्हाराजा," मी म्हणाले.

आवाज माझ्या अंदाजापेक्षा मोठा आला. पुढचे दोघेतिघे वळले. माझ्या शेजारची म्हातारी, भुताला वाळलीय म्हणणारी, माझ्याकडे न बघता म्हणाली, व्हय म्हाराजा. मग पुरुष म्हणाले, आणि मग सगळं देऊळ म्हणालं.

काकांनी नारळ उचलला आणि वडिलांसमोर धरला. म्हणाले, पुढचं तू घाल, माझ्या ध्यानात राहत नाही. वडिलांनी नारळ लगेच घेतला नाही. आधी माझ्याकडे मान वळवून पाहिलं, मग धोतराला हात पुसले, मग घेतला. मला रडू येत होतं आणि मी ते थांबवलं नाही.

त्यांचा आवाज पडद्यावरच्यासारखा राहिला नव्हता. चिरका झाला होता आणि मधे दम लागत होता. पण मागणी ओळीने येत होती, एकही सुटलं नाही: पेरणी, गुरंवासरं, मुंबईची माणसं, गरोदर बाया, शाळेतली पोरं. सगळ्यांत पहिलं मागणं मात्र त्यांनी काकांच्या गुडघ्यांसाठी मागितलं होतं. त्याला मी सगळ्यांच्या आधी व्हय म्हणाले.